टिनमधली भाजी घेताना तारखेच्या आधी सांधा बघा

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं मी रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. हंगामात आंब्याचा रस, एरवी मिठाच्या पाण्यातली फणसाची कुयरी, म्हणजे कोवळा फणस, आणि काबुली चणे. त्यामुळे दुकानात स्वीट कॉर्नचा, मशरूमचा किंवा मटारचा टिन हातात घेऊन कुणी विचारात पडलेलं दिसलं की मला राहवत नाही, गल्ल्यावरून उठून जाते. प्रश्न बहुतेक तेच असतात. वहिनी, हे रोज खाल्लेलं चालतं का? यात औषध घालतात ना? याला पोचा आहे, दुसरा द्या. उघडल्यावर किती दिवस राहील? एकेकाला उभ्याउभ्या सांगते ते इथे सलग लिहिते आहे.

जवळजवळ प्रत्येक जण टिन उचलला की तारीख शोधतो. तारीख बघायलाच हवी. पण मी टिन उचलते तेव्हा माझा अंगठा आधी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून फिरतो. तारीख कारखान्यातून निघताना छापलेली असते. टिनचं पुढे काय झालं, ट्रकमध्ये तो कसा आदळला, गोदामात कुठे ठेवला, हे तिला ठाऊक नसतं. सांध्यावर मात्र त्यातलं बरंचसं दिसतं.

सांध्यात असतं काय?

टिनच्या दोन्ही टोकांना जी उभारलेली कड असते तिला कारखान्यात डबल सीम म्हणतात. तिथे झाकणाचा पत्रा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत अडकवून दोनदा दुमडलेला असतो, करंजीची कड मुरडून घालतो तसा. ही कड आडवी कापली तर पत्र्याचे पाच थर दिसतात, तीन झाकणाचे आणि दोन अंगाचे. झाकणाच्या कडेला आतून रबरासारख्या लेपाची बारीक पट्टी असते. ती या घडीत दाबली जाते आणि उरलीसुरली फट बुजवते. आम्ही लाइनवरून ठरावीक वेळाने टिन उचलून आणायचो, कड बारीक करवतीने कापायचो, भिंगाखाली धरून दोन्ही पत्रे एकमेकांवर किती चढलेत ते मोजायचो. हा चढ असतो जेमतेम मिलिमीटरभर. तो कमी भरला की आधी यंत्र बंद करायचं आणि मग बाकीचं बोलायचं.

त्या मिलिमीटरला एवढं महत्त्व का, तर टिन आतून कायम ओढत असतो. भाजी भरून वर गरम मिठाचं पाणी घालतात, मोकळ्या जागेत वाफ भरलेली असते, त्यावर झाकण बसतं. मग टिन दाबाखाली शिजतो आणि थंड पाण्यात जातो. थंड होताना आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची जागा पोकळ राहते. सांध्यात केसाएवढी वाट असेल तर ती पोकळी बाहेरचा पाण्याचा थेंब आत ओढून घेते, आणि थेंबाबरोबर जंतू जातात. म्हणून थंड करायच्या पाण्यात क्लोरीन घालतात आणि ओल्या टिनना कुणी हात लावायचा नाही असा दंडक असतो. टिन तुमच्या घरी पोचतो तेव्हाही ती ओढ आत तशीच असते. जोराचा मार बसून सांधा क्षणभर सैल झाला आणि पुन्हा बसला, तरी तेवढ्यात आत काही गेलेलं असू शकतं.

मग पोचा आलेला टिन घ्यायचा की नाही?

पोचा कुठे आहे त्यावर सगळं आहे. अंगाच्या मधोमध, गोलसर, उथळ पोचा असेल तर आतल्या भाजीला काही झालेलं नसतं. आमच्याकडे असे टिन मागे पडतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण पोचा वरच्या किंवा खालच्या कडेवर असेल, अंगावरच्या उभ्या जोडावर असेल, किंवा त्याला चाकूच्या पात्यासारखी धार आलेली असेल, तर तो टिन फळीवरच राहू द्या. बोटाचं टोक आत रुतेल इतका खोल पोचाही नको. ओढून उघडायच्या कडीच्या झाकणांना जास्त जपावं लागतं. त्या झाकणावर फाटायची रेघ मुद्दाम पातळ केलेली असते, त्यामुळे झाकणावरच मार बसलेला असेल तर मी तो टिन गिऱ्हाइकाला देत नाही, परत पाठवते.

गंजाचं आमच्या कोकणात फार. पावसाळ्यात दमट हवेने कडेला तांबूस पूड धरते. ओल्या फडक्याने पुसली आणि खाली पत्रा गुळगुळीत लागला तर चालेल. पुसूनही खड्डे लागत असतील, पत्रा खरवडल्यासारखा झाला असेल, तर बारीक छिद्र पडलेलं असण्याचा धोका आहे. लेबल एका जागी चिकट, डागाळलेलं दिसलं तर त्या डागाखाली बघा. कधी शेजारचा टिन गळलेला असतो, कधी तोच.

फुगलेल्या टिनबद्दल मात्र चर्चा नको. झाकण सपाट किंवा किंचित आत गेलेलं असायला हवं. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून पाहा. दाबल्यावर आत-बाहेर टकटक करणारं, एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर येणारं झाकण म्हणजे आतली ओढ गेलेली आहे. कधी त्यामागे नुसती हवा जास्त राहिल्याचं कारण असतं, कधी पत्रा आणि आतलं आम्ल यांच्यातून निघालेला हायड्रोजन असतो, आणि कधी जंतूंनी केलेला वायू. दुकानात उभं राहून हे ओळखता येत नाही. आम्हालाही प्रयोगशाळेत नमुना उबदार कपाटात ३७ अंशांवर ठेवल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून नियम एकच. फुगलेला टिन घ्यायचा नाही, घरात सापडला तर उघडायचा नाही, आणि “चव तरी बघू” हे तर मुळीच नाही. दोन पिशव्यांत बांधून, मुलाबाळांच्या आणि जनावरांच्या तोंडाला लागणार नाही असा टाकायचा.

उघडताना फस्स आवाज झाला म्हणून घाबरून टिन परत आणणारेही असतात. तो आवाज बाहेरची हवा आत जाण्याचा असेल तर उलट चांगलं लक्षण आहे, ओढ शाबूत होती. आतून पाणी फवारलं, फेस आला, उग्र वास आला, तर टाकून द्या.

यात टिकवायचं औषध घालतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. साध्या टिनमधल्या भाजीला प्रिझर्वेटिव्ह लागतच नाही. ती टिकते आचेने आणि सांध्याने. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरलं, बुचं घट्ट बसवली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. त्याबद्दल १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. अन्न जंतूंमुळे नासतं हे पाश्चरने दाखवून दिलं ते त्यानंतर जवळपास ५० वर्षांनी. म्हणजे का टिकतं हे कळायच्या आधीपासून लोक डबे भरत होते.

त्यात भाज्यांची एक अडचण आहे आणि ती आंब्याच्या गावातल्या माणसाने नीट समजून घ्यावी. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा मातीतला, जीवघेणं विष करणारा जंतू. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात निजलेलं चिवट रूप, १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. त्याला हवा नकोशी असते आणि आंबटपणा सोसत नाही. आमच्याकडचा आंब्याचा रस पुरेसा आंबट असतो, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या बराच खाली, म्हणून रसाचे टिन उकळत्या पाण्यात शिजवले की काम होतं. मटार, मका, मशरूम, चणे, कुयरी यांचा पीएच त्याच्या वर. हवा नसलेला, आंबट नसलेला, ओला टिन म्हणजे त्या जंतूला हवी तशी जागा. १९१९–२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डबाबंद ऑलिव्हमधून विषबाधा होऊन अमेरिकेत माणसं दगावली. त्यानंतर एस्टी आणि मायर या संशोधकांनी हे बीजाणू किती अंशांवर किती वेळ जगतात ते मोजून १९२२ मध्ये मांडलं. आजही जगभर हिशेब त्याच पायावर होतो: टिनच्या अगदी मधल्या भागाला १२१ अंशांची आच निदान तीनेक मिनिटं लागली पाहिजे. ही उष्णता उघड्या भांड्यात मिळत नाही, म्हणून भाजीचे टिन रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाच्या मोठ्या भट्टीत जातात. आमच्याकडे रसाच्या टाक्या एका अंगाला आणि रिटॉर्ट दुसऱ्या अंगाला असायचे, आणि कुयरीचा एकही टिन चुकून रसाच्या टाकीकडे जाता कामा नये यावर जागता पहारा असायचा.

लेबलवर आकडे दिसले की लोक बिचकतात. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, रंग काळवंडू नये म्हणून. ५०९ म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, फोडी मऊ पडू नयेत म्हणून. ३८५ मशरूममध्ये किंवा चण्यांत दिसतो, तोही रंग धरण्यासाठी. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, हे मात्र खरंच प्रिझर्वेटिव्ह आहे. ते लोणची, सॉस, काही टोमॅटो प्युरी अशा आंबट वस्तूंत सापडतं.

मटारचं जरा बारकाईने वाचा. काही टिनमध्ये ताजा मटार असतो, काहींत वाळलेला मटार भिजवून भरलेला असतो. दुसऱ्या प्रकारावर प्रोसेस्ड पीज असं छापलेलं असतं आणि घटकांत बऱ्याचदा १०२, १३३ असे रंगांचे आकडे असतात. उसळीला तो चालून जातो, पण हिरवागार ताजा मटार समजून त्याचे पैसे मोजू नका.

८०० ग्रॅमचे पैसे देऊन घरी किती येतं?

इथे मला गिऱ्हाइकाची बाजू घ्यावीशी वाटते. टिनवर दोन वजनं असतात. नेट वेट म्हणजे भाजी आणि पाणी मिळून. ड्रेन्ड वेट म्हणजे पाणी निथळून उरलेली भाजी. पाण्यात भरलेल्या पदार्थावर हे दुसरं वजन छापणं बंधनकारक आहे, पण ते बारीक अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात असतं. मशरूमच्या ८०० ग्रॅमच्या टिनवर ड्रेन्ड वेट ४४० ग्रॅम हा नेहमीचा आकडा. निम्म्याच्या जरा वर. किंमत समजा १३२ रुपये असेल तर १३२ ला ४४० ने भागायचं: ग्रॅमला ३० पैसे, म्हणजे किलोला ३०० रुपये. दोन कंपन्यांची तुलना करताना नेहमी याच वजनाने भागा. मोठा दिसणारा टिन पुष्कळदा पाण्याने मोठा असतो.

मात्र ताज्या मशरूमशी तुलना करताना एक ध्यानात ठेवा. ताजं मशरूम कढईत पाणी सोडून आकसतं, टिनमधलं आधीच आकसून आलेलं असतं. त्यामुळे ४४० ग्रॅमची भाजी ताज्या ४४० ग्रॅमपेक्षा जास्त माणसांना पुरते. आमचे हॉटेलवाले भाऊ हा हिशेब बोटांवर करतात, घरच्या गिऱ्हाइकाला सांगावा लागतो.

स्वीट कॉर्नच्या काही टिनमध्ये पाणी अगदी थोडं असतं, दाणे जवळजवळ कोरडे भरून हवा काढून घेतलेली असते. वजनाच्या मानाने तो टिन लहान दिसतो, तरी घ्यावा. क्रीम स्टाइल लिहिलेला मका वेगळा, तो वाटून दाट केलेला, सूपसाठी. भेळेत किंवा चाटमध्ये घालायला दाणे हवे असतील तर होल कर्नल लिहिलेलं बघा. हा गोंधळ फार होतो.

परदेशी टिन घेताना त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि १४ आकडी एफएसएसएआय (देशाची अन्नसुरक्षा संस्था) परवाना क्रमांक असलेलं स्टिकर हवं. स्टिकर तारखेवर चिकटवलेलं असेल तर तो टिन ठेवून द्या.

मीठ आणि सत्त्व

बीपीच्या माणसाने टिनमधलं खावं का, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे. लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, बहुधा १०० ग्रॅममागे. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅममागे २५० मिलिग्रॅम सोडियम असेल आणि तुम्ही १५० ग्रॅम भाजी खाल्लीत, तर जवळजवळ एक ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते, म्हणजे पाचवा हिस्सा एका वाटीत संपला. वरचं पाणी ओतून टाकून भाजी चाळणीत नळाखाली चोळून धुतली तर चणे-राजम्यासारख्या कडधान्यांतलं सोडियम ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. एवढं एक काम सगळ्यांनीच करावं. आणि फोडणीत मीठ आधी घालू नका, शेवटी चव घेऊन घाला.

सत्त्वाचं म्हणाल तर क जीवनसत्त्व आणि ब-१ आचेने बरंच जातं, काही पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर ओतलं जातं. तंतू, प्रथिनं, लोह यांना फारसा धक्का लागत नाही. टोमॅटोतलं लायकोपिन तर शिजवलेल्या, डबाबंद टोमॅटोतून शरीराला जास्त सहज मिळतं. दारात ताजी भाजी येत असेल तर ती घ्या, मी स्वतः भाजीवालीकडूनच घेते. पण हॉस्टेलवर राहणारी मुलं, बोटीवर जाणारे, पावसात वाट बंद झालेली गावं, उशिरा घरी पोचून कूकर लावायचं त्राण नसलेली बाई, यांच्यासाठी धुतलेले टिनचे चणे रोजच्या वडापावपेक्षा कितीतरी बरे. तिथे कमीपणा मानायचं काही कारण नाही.

टिनच्या आतल्या लेपाबद्दलही कधी कुणी विचारतं. आतला पत्रा उघडा राहू नये म्हणून लाखेसारखा लेप असतो. जुन्या पद्धतीच्या इपॉक्सी लेपात बिस्फेनॉल-ए (बीपीए) नावाचं रसायन असतं. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घातली आणि कारखान्यांना बदलायला मुदत दिली. ज्यांना ते टाळायचं आहे त्यांनी बीपीए-मुक्त लिहिलेला टिन किंवा काचेची बरणी घ्यावी.

आत काळे डाग दिसले तर?

मका, मटार, मशरूम यांत नैसर्गिक गंधक असतं. आचेत ते सुटतं आणि पत्र्यातल्या लोखंडाशी मिळून काळपट डाग पडतात, बहुतेक झाकणाच्या आत. दिसायला वाईट, खायला निरुपद्रवी. मक्याच्या टिनसाठी झिंक ऑक्साइड घातलेला खास लेप वापरतात, कारखान्यात त्याला सी-एनॅमल म्हणतात. गंधक झिंकशी मिळालं की डाग पांढरा पडतो आणि दिसत नाही. मटार आणि चण्यांचं पाणी दाट, कधी थिजल्यासारखं दिसतं, तो पिठूळपणा दाण्यातूनच उतरलेला असतो. तेही चांगलं आहे. भाजीला आंबूस वास येत असेल तर मात्र ती खाऊ नका, टिन फुगलेला नसला तरी.

घरात कुठे ठेवायचा, किती दिवस?

असा न फुगता आंबलेला टिन उन्हाळ्यात जास्त सापडतो. काही जंतूंना ५० अंशांच्या आसपासची ऊब आवडते. त्यांचे बीजाणू रिटॉर्टमधूनही वाचू शकतात आणि थंड जागी निमूट पडून राहतात. टिन पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, गाडीच्या डिकीत किंवा गॅसच्या शेगडीवरच्या कपाटात तापला की ते जागे होतात आणि वायू न करता अन्न आंबवतात. म्हणून टिन ३० अंशांच्या आतल्या जागी, भिंतीला न लावता, जमिनीपासून वर ठेवा. विदर्भातल्या लोकांनी उन्हाळ्यापुरता साठाच करू नये, लागेल तसा आणावा. न उघडलेला टिन फ्रीजरमध्ये कधीच नको. आतलं पाणी गोठून फुगतं आणि सांध्यावर ताण येतो.

चांगला सांधा आणि थंड जागा असेल तर आंबट नसलेल्या भाज्या दोन ते पाच वर्षं सुरक्षित राहतात. टोमॅटोसारख्या आंबट वस्तू वर्ष-दीड वर्षात संपवाव्यात, आम्ल पत्र्याला हळूहळू खातं. बेस्ट बिफोर ही चवीची आणि रंगाची हमी असते, एक्स्पायरी किंवा यूज बाय उलटल्यावर मात्र खायचंच नाही.

उघडण्याआधी झाकण धुऊन पुसा, गोदामात त्यावरून काय फिरलं असेल सांगता येत नाही. उघडल्यावर उरलेली भाजी टिनमध्येच ठेवू नका. हवा लागली की पत्र्यातलं कथील आणि लोह जास्त वेगाने अन्नात उतरतं, भाजीला धातूची चव येते. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. मका आणि चणे धुऊन, कोरडे करून फ्रीजरमध्ये चांगले राहतात.

शिजवायचं कसं

टिनमधली भाजी पूर्ण शिजलेली असते. तिला कूकरची शिट्टी नको. मटार पुलावात भात झाल्यावर घालून हलक्या हाताने ढवळा. मशरूम निथळून, दोन तळव्यांत हलके दाबून पाणी काढा आणि आधी नुसतेच मोठ्या आचेवर कढईत फिरवा. कडा तांबूस झाल्या की मग तेल-कांदा. पाणी राहिलं तर मसाला धरत नाहीत. छोल्यांना मात्र थोडे चणे ठेचून ग्रेव्हीत दहा मिनिटं खदखदू द्या, नाहीतर चणे वेगळे आणि रस्सा वेगळा लागतो. मिठाच्या पाण्यातली कुयरी दोनदा धुवा, तासभर साध्या पाण्यात ठेवा, मग मोहरी-हिंग, सुकी मिरची आणि ओलं खोबरं. हंगाम नसताना मुंबईच्या नातेवाइकांना मी हीच पाठवते.

पुरात बुडालेले टिन

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचं दुकानही पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलात टिन जसेच्या तसे दिसत होते आणि लोक विचारत होते, हे तरी वापरता येतील ना? विकायला ठेवायचे नाहीत हे आमचं पक्कं होतं. पण ज्यांच्या घरात पाणी भरलं आणि खायला दुसरं काही नाही, त्यांच्यासाठी पद्धत आहे. कडीचं, फिरकीचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण असलेली प्रत्येक वस्तू टाकायची. पोचलेले, गंजलेले, फुगलेले टिनही टाकायचे. फक्त चहूबाजूंनी बंद, धड पत्र्याचे टिन घ्यायचे. लेबल पूर्ण काढायचं, कारण त्याखाली चिखल राहतो. साबणाने घासून सांध्यातली घाण ब्रशने काढायची, स्वच्छ पाण्याने धुवायचं. मग चार लिटर पिण्याच्या पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधं बिनवासाचं ब्लीच घालून त्यात १५ मिनिटं बुडवायचे. उघड्यावर वाळवून, वर मार्करने नाव आणि तारीख लिहायची, आणि हे टिन सगळ्यात आधी संपवायचे. लहान मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणूस यांना त्यातलं देऊ नका.

घरीच बाटल्यांत मटार भरले तर?

हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की हा प्रश्न सुरू होतो. मटार उकळून, मिठाच्या पाण्यासकट जॅमच्या बाटलीत भरून, झाकण लावून उलटी ठेवायची, वर्षभर टिकतो, असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. कृपा करून हे करू नका. आंबट नसलेली भाजी, हवा नाही, आणि आच फक्त १०० अंशांची: वर सांगितलेल्या जंतूला हवं ते सगळं या बाटलीत आहे. त्याच्या विषाला वास नसतो, चव नसते, बाटलीतलं पाणी नितळ दिसू शकतं. घरचा कूकर दाबाखाली १२० अंशांजवळ जातो हे खरं, पण तो पटकन तापतो, पटकन निवतो, आणि बाटलीच्या मध्यापर्यंत आच किती वेळ पोचली हे कुणी मोजलेलं नसतं. लिंबाचं लोणचं, कैरीचा छुंदा, कोकमाचं आगळ हे घरी भरा, त्यांना आम्ल, मीठ आणि साखर सांभाळते. मटार उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून, थंड पाण्यात काढून, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. फ्रीजर नसेल तर टिन घ्या किंवा वाळवलेला मटार.

खराब निघाला तर

टिन बंदच असेल तर बिलासकट दुकानात परत आणा. दुकानदाराने कुरकुर न करता घ्यायला हवा, कारण पुढे कंपनीकडून बदली मागायची त्याची सोय असते. उघडल्यावर खराब निघाला तर टाकण्याआधी लेबलचा आणि झाकणावरच्या बॅच नंबरचा फोटो काढा. हा नंबर कधी शाईने छापलेला असतो, कधी पत्र्यातच ठोकलेला, उजेडात तिरपा धरला की दिसतो. त्यावरून कारखान्याला तो टिन कोणत्या दिवशी आणि कोणत्या रिटॉर्टच्या पाळीत शिजला ते सापडतं आणि त्याच पाळीचे बाकीचे टिन बाजारातून मागे घेता येतात. तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर किंवा १८००-११-२१०० वर करता येते. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. शंका असलेलं काही खाल्ल्यानंतर डोळ्यांसमोर दोन-दोन दिसू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली किंवा गिळायला त्रास झाला, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात जा आणि टिनचा फोटो डॉक्टरांना दाखवा.